सर्व्हिस रिव्हॉल्व्हर म्हणू नका, तो चिडतो

चवथीला (गणेशचतुर्थीला) आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या मूळ घरी सगळे जमतात. माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची आरास) बांधून होते, आरत्या होतात, नेवऱ्या खाऊन होतात आणि मग मोठी माणसं पडवीत आणि पोरं मोबाईलवर. यंदा माझ्या पुतण्याने मोबाईलवरची ती मारामारीची गेम मध्येच थांबवली आणि मावसभावाला म्हणाला, "काका, तुमची सर्व्हिस रिव्हॉल्व्हर दाखवा ना." भाऊ पोलिसात पीएसआय आहे. तो म्हणाला, "रिव्हॉल्व्हर नाही रे, पिस्तूल. आणि ते घरी आणत नाहीत, आणि आणलं असतं तरी दाखवलं नसतं." पोरगं काय गप्प बसतंय, लगेच पुढचा प्रश्न, "डॅमेज किती आहे त्याचा?" भावाने पाठीला हात लावला आणि कोकणीत म्हणाला, "कमरेक लागता तें. तोच डॅमेज."

आम्ही हसलो, पण ते उत्तर माझ्या डोक्यात राहिलं. नंतर मी जरा वाचत बसलो, त्याला पण छळलं (तो कुठलं वापरतो ते मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही, मीही नंतर विचारायचं सोडलं), आणि लक्षात आलं की पोलिसाच्या कमरेला काय असतं आणि त्याला काय आवडतं ह्या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पेपरात वाचतो त्यातलं अर्धं चुकीचं असतं. म्हणून हे लिहितोय.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे बातमीत कुठलाही पोलीस कुठलंही छोटं हत्यार चालवू दे, "सर्व्हिस रिव्हॉल्व्हरमधून गोळी झाडली" असंच छापतात. रिव्हॉल्व्हर म्हणजे ज्याच्या मध्यभागी ते गोल फिरणारं डबडं असतं, सहा भोकांचं, प्रत्येक भोकात एक काडतूस. चाप ओढला की डबडं एक घर फिरतं, घोडा (काडतुसावर आपटणारा तो मागचा तुकडा) मागे जाऊन पडतो, गोळी सुटते. पिस्तुलात तसं काही फिरत नाही, मुठीच्या आतच मॅगझिन (काडतुसं एकावर एक भरलेली लांबट डबी) असतं, गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरची स्लाईड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवीन राउंड, म्हणजे काडतूस, नळीत ढकलते. झालं, एवढाच फरक, पण ह्या एका फरकावर पुढचं सगळं रामायण आहे. बाय द वे, पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेत, पिस्तोला आणि कार्तुशो. ४५१ वर्षं राहिले, पाव दिला, बटाटा दिला, हे पण देऊन गेले.

आता कोणी म्हणेल, पिस्तूल एवढं भारी तर जगभरचे पोलीस इतकी वर्षं रिव्हॉल्व्हर का घेऊन फिरत होते? कारण रिव्हॉल्व्हर दगा देत नाही. एखादं काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात राउंड अडकला तर दोन्ही हात लावून स्लाईड ओढायला लागते, आणि समोर माणूस उभा असताना ते सुचायला रोजचा सराव पाहिजे. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनचं जे सहा गोळ्यांचं मॉडेल १० रिव्हॉल्व्हर होतं त्याचं मूळ १८९९ सालचं, आणि ते विसाव्या शतकात जवळजवळ शेवटपर्यंत पोलिसांच्या कमरेला होतं. दुसरं म्हणजे त्याचा चाप जड. घोडा आधी मागे न ओढता सरळ चाप ओढायचा तर साधारण साडेपाच किलोचा जोर. म्हणजे पाच किलो तांदळाची पिशवी एका बोटाने उचलल्यासारखं. घाबरून बोट चुकून दाबलं गेलं असं सहसा होत नाही. पण हाच जड चाप नेम पण घालवतो, बोट ओढता ओढता सगळा हातच खाली जातो.

मग ११ एप्रिल १९८६ ला मायामीत जे झालं त्याने सगळं बदललं. एफबीआयचे आठ एजंट आणि समोर फक्त दोन दरोडेखोर. काही मिनिटांची चकमक, दोन एजंट मेले, पाच जखमी. बहुतेक एजंटांकडे रिव्हॉल्व्हर होत्या, एकाच्या हाताला गोळी लागली तर त्याला रिव्हॉल्व्हर परत भरताच येईना, विचार करा, एकेक काडतूस एकेका भोकात घालायचं आणि हातातून रक्त वाहतंय. आणि ज्यांच्याकडे ९ एमएम पिस्तूल होतं त्यातल्या एकाची गोळी एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागली, दंडातून छातीत गेली, पण हृदयाच्या साधारण इंचभर अलीकडे थांबली. तो माणूस मरणारच होता, पण तेवढ्यात मेला नाही, आणि मधल्या वेळात त्याने एजंट मारले.

इथून दोन धडे निघाले. एक, रिव्हॉल्व्हर गेली पाहिजे. हा धडा बरोबर होता. दुसरा, गोळी मोठी पाहिजे. हा धडा अमेरिकेने पुढे तीसेक वर्षं गिरवला आणि मग खोडरबराने पुसला. एफबीआयने आधी नियम केला की गोळी जिलेटीनच्या ठोकळ्यात कमीत कमी १२ इंच आत गेली पाहिजे आणि १८ च्या पुढे जाऊ नये. (हे जिलेटीन म्हणजे मांसासारखं वागणारं एक पारदर्शक प्रकरण, आपल्या दोदोलासारखं थरथरतं, खाऊ नका.) मग १० एमएम नावाची दणदणीत गोळी घेतली, तिचा धक्का एवढा की बऱ्याच एजंटांना पेलेना, मग तिलाच आखूड करून १९९० मध्ये पॉइंट फोर्टी (.४०) आली आणि अमेरिकेतली निम्मीअधिक खाती तिच्या मागे धावली. आणि २०१५ च्या सुमाराला एफबीआय परत ९ एमएमवर! कारण काय, तर एवढ्या वर्षांत गोळ्यांची बनावट सुधारली, ९ एमएम पण आता तेवढंच आत जातं, धक्का कमी, मॅगझिनमध्ये राउंड जास्त. आणि सगळ्यात कडू कारण त्यांच्याच २०१४ च्या टिपणात आहे, की खऱ्या चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या लागतच नाहीत. लागतच नसेल तर ती केवढी मोठी आहे ह्याला काय अर्थ. छोट्या धक्क्याची गोळी निदान दुसऱ्यांदा तरी नेमावर येते.

पुतण्याच्या गेममध्ये बंदुकीला "डॅमेज" म्हणून एक आकडा असतो, तसा खऱ्या हत्याराला नसतो हे त्याला समजवताना माझी पुरेवाट झाली. .३२, .३८, .४०, .४५ हे आकडे इंचात आहेत, गोळीची रुंदी, बस. ९ एमएम म्हणजे मिलिमीटर, इंचात केलं तर .३५४. आणि हे आकडे पण धड खरे नाहीत, .३८ ची गोळी मोजली तर .३५७ भरते, नाव पुंगळीच्या जुन्या मापावरून पडलं आणि राहिलं. आपल्याकडे लायसनवर मिळणारी .३२ आणि पोलिसांचं ९ एमएम, रुंदीत फरक जेमतेम एक मिलिमीटरचा, पण गोळीतली ऊर्जा साधारण तिप्पट. रुंदीपेक्षा गोळीचा वेग आणि वजन जास्त बोलतात, त्याहून जास्त ती कुठे लागते ते.

आणि हो, पोलिसांची गोळी आणि सैन्याची गोळी एकच असावी असं नाही. टोकाला पोकळी असलेली हॉलो पॉइंट गोळी शरीरात शिरली की फुलासारखी उघडते आणि आतच थांबते. युद्धात असल्या गोळीवर १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने बंदी आली. ह्या जातीच्या गोळीला जगभर दमदम म्हणतात ते कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून, म्हणजे बदनामी आपल्या गावाच्या नावाने आणि बनवली इंग्रजांनी. पण पोलिसांना ती का चालते? म्हापशाचा शुक्रवारचा बाजार डोळ्यांपुढे आणा. चोरिसवाली, केळीवाला, मागे टुरिस्ट. साधी बंद टोकाची गोळी एका माणसातून आरपार जाऊन मागच्या दुसऱ्याला लागू शकते. न्यूयॉर्क पोलिसांनी ह्याच कारणाने १९९८ मध्ये हॉलो पॉइंट घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिकडे पण वाद झाला.

आवडीनिवडीचं खरं उदाहरण पण न्यूयॉर्कचंच आहे. १९९३ मध्ये तिथे रिव्हॉल्व्हर जाऊन ९ एमएम आलं तेव्हा खात्याने सांगितलं की तीन पिस्तुलं आहेत, ग्लॉक १९, सिग सावर पी२२६ आणि स्मिथ अँड वेसन ५९४६, ह्यातलं हाताला बसेल ते उचला. पण चाप मात्र खात्याच्या पसंतीचा. ग्लॉकचा चाप नेहमी अडीच किलोच्या आसपासचा, यांनी मुद्दाम जड स्प्रिंग घालून तो परत साडेपाच किलोच्या घरात नेला, म्हणजे रिव्हॉल्व्हरवर हात बसलेल्या पोलिसाकडून चुकून बार होऊ नये. पिस्तूल नवीन, चाप जुना! ज्या जुन्या लोकांना रिव्हॉल्व्हर सोडवत नव्हती त्यांना खात्याने ठेवू दिली, शेवटचे काही जण २०१८ पर्यंत ती लावून हिंडत होते. पंचवीस वर्षं. आमच्या आजोबांनी गॅस आल्यावर पण चूल ठेवली होती तसलाच प्रकार. आणि टेक्सास रेंजर म्हणून जे पथक आहे त्यातल्या कित्येकांना अजून १९११ सालच्या डिझाइनचं .४५ पिस्तूलच पाहिजे, मुठीवर नक्षी वगैरे काढून, त्यांच्यात ती शान आहे.

ग्लॉकबद्दल थोडं जास्त सांगतो कारण आज जगात पोलीस म्हटलं की तेच दिसतं. गास्टोन ग्लॉक हा ऑस्ट्रियाचा माणूस, आधी पडद्याचे रॉड आणि चाकू बनवायचा, पिस्तूल कधी बनवलंच नव्हतं. सैन्याचं टेंडर निघालं, त्याने भाग घेतला आणि १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याचंच घेतलं. (२०२३ च्या डिसेंबरात ९४ व्या वर्षी वारला.) ग्लॉक १७ मधलं १७ हे सतरा राउंड बसतात म्हणून असं सगळ्यांना वाटतं, बसतात पण सतराच, पण नाव पडलं ते त्याच्या सतराव्या पेटंटवरून. त्याची करामत काय, तर बॉडी प्लास्टिकची. रिकामं पिस्तूल साधारण सव्वासहाशे ग्रॅम, एखाद्या सोललेल्या नारळाएवढं. जुनी लोखंडी पिस्तुलं रिकामीच नऊशेच्या आसपास. तुम्ही म्हणाल पाव किलोने काय होतं. तर भावाचं उत्तर वर दिलंय, कमरेक लागता. बारा तास ड्युटी, त्यात अर्धा वेळ जीपमध्ये बसून, पट्ट्याला पिस्तूल, जादा मॅगझिन, वॉकीटॉकी, टॉर्च, आणि हे सगळं एका बाजूला ओढतं. गेममध्ये बंदूक बदलली तर गडी तसाच पळतो. पोलिसाच्या पसंतीत गोळीच्या आधी कंबर येते.

दुसरी गोष्ट घोड्याची. आपल्या भाषेत पिस्तुलालाच घोडा म्हणायची पद्धत आहे पण ग्लॉकला बाहेर दिसणारा घोडाच नाही. आत एक पिन असते, चाप ओढला की ती मागे ताणली जाते आणि सुटते. बाहेर खटका नाही, सेफ्टीचं बटण नाही, चापावरच एक छोटी पट्टी असते, बोट नीट मध्ये ठेवलं तरच चाप हलतो. घाईच्या वेळी लक्षात ठेवायला काहीच नाही, हे कोणाला फार आवडतं, आणि कोणाला ह्याच गोष्टीने धडकी भरते.

आपल्याकडच्या जुन्या पिस्तुलाचं उलट. इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं ९ एमएम १ए, हे मूळ ब्राउनिंग हाय पॉवर. जॉन ब्राउनिंगने सुरू केलं, तो १९२६ मध्ये वारला, मग बेल्जियमच्या दियुदोने सेव्हने पुरं केलं आणि १९३५ मध्ये आलं. त्या काळी तेरा राउंड म्हणजे चमत्कार होता. पण हे सिंगल ॲक्शन, म्हणजे पहिल्या गोळीसाठी घोडा आधीच मागे पाहिजे, चाप ओढून तो मागे जात नाही. मग आता कमरेला कसं लावायचं? एक तर राउंड नळीत, घोडा ताणलेला आणि वर सेफ्टी लावलेली. बघणाऱ्याला घाम फुटतो. नाहीतर नळी रिकामी ठेवायची आणि वेळ आली की स्लाईड ओढून भरायची. आपल्याकडे साहेब लोकांना अर्थातच दुसरं बरं वाटतं, अपघात नको, चौकशी नको. पण स्लाईड ओढायला दुसरा हात मोकळा पाहिजे, आणि पोलिसाच्या दुसऱ्या हातात तेव्हा कोणाची तरी कॉलर असते. हे भाऊ म्हणाला, मी नाही.

आणि "आवड" हा शब्द ऐकून तो हसलाच होता. आपल्याकडे हत्यार निवडायचं नसतं, मिळतं. शस्त्रागाराला पोलिसी भाषेत कोत म्हणतात, तिथे रजिस्टर असतं, नंबर लिहून सही करून घ्यायचं, राउंड मोजून घ्यायचे, ड्युटी संपली की मोजून परत. एक राउंड कमी निघाला तर आधी शोध आणि मग चौकशी. सरावात झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या पण वेचून मोजून द्यायला लागतात, लोक उकिडवे बसून गवतात पुंगळी शोधतात. असं असल्यावर हाताला एखादं पिस्तूल "बसणार" कधी. अमेरिकेतले पोलीस स्वतःच्या पैशाने राउंड विकत घेऊन रविवारी सराव करतात, आपल्याकडे पोलिसाने खाजगीत हीच गोळी विकत घ्यावी म्हटलं तरी नाही मिळणार, कारण ९ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, सामान्य लायसनवर नाही. सामान्य माणसाला .३२. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने निर्भीक नावाची बायकांसाठी हलकी रिव्हॉल्व्हर काढली ती पण .३२ च, आणि किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात.

आणि बऱ्याच जणांच्या हातात तेवढंही नसतं. साध्या शिपायाला सहसा छोटं हत्यार मिळतच नाही, मिळाली तर रायफल, नाहीतर काठी. २६/११ ला गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंच्या हातात लाठी होती आणि त्यांनी कसाबची एके ४७ नळीला धरली. त्यानंतर मुंबईत आणि इतर ठिकाणी नवीन हत्यारं आली, ग्लॉक पण आल्या. ब्रिटनमध्ये तर बहुतेक पोलीस अजून बिनहत्यारी आहेत, आणि नॉर्वेत कित्येक वर्षं पिस्तूल बहुतेक वेळा गाडीत कुलपात ठेवायचे. प्रत्येक देशाची भीती वेगळी. (आमच्या सत्तरी-डिचोलीत बंदूक म्हटलं की काजूच्या बागायतीतली, रानडुकरांची भीती म्हणून लायसन असलेली, आणि इलेक्शन आलं की ती पोलीस स्टेशनात नेऊन जमा करायची, तेवढे दिवस डुकरांना आचारसंहिता नसते.)

आता गोव्याचं खास. इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, किनाऱ्यावर खारा वारा आणि बाकी आठ महिने घाम. लोखंडाचा ह्या तिघांपुढे काय पाड लागणार, आमच्या गेटच्या बिजागऱ्या दोन वर्षांत जातात. चामड्याचं होल्स्टर दिसायला रुबाबदार, पण पाणी पितं आणि धरून ठेवतं, त्यात पिस्तूल रात्रभर राहिलं तर सकाळी स्लाईडवर तांबूस ठिपके. त्यामुळे इथे प्लास्टिकची बॉडी आणि प्लास्टिकचं होल्स्टर ही फॅशन नाही, गरज आहे. नळी आणि स्लाईड तर पोलादीच राहणार, ग्लॉकवाले त्याच्यावर गंज न लागणारी कडक प्रक्रिया करतात, तरी तेलाचा फडका सुटत नाही. तेल पण जास्त नको, धूळ चिकटून खळ होते.

होल्स्टरवर अजून एक. पोलिसाच्या पिस्तुलाला सगळ्यात जास्त धोका कोणाचा, तर झोंबाझोंबीत ते हिसकावून घेणाऱ्याचा. म्हणून चांगल्या होल्स्टरला एक-दोन लॉक असतात, अंगठ्याने दाबायचं, मग थोडं फिरवायचं, मगच पिस्तूल सुटतं. ज्याला माहीत नाही तो नुसता ओढत बसतो. आपल्याकडे त्याच कामाला ती जुनी दोरी, लॅनयार्ड, मुठीला अडकवलेली आणि खांद्यावरून आलेली. परेडला छान दिसते. पळताना खाली पडत नाही हे खरं, पण हिसकावणाऱ्याला दोरी काय अडवणार.

हाताच्या मापाचं कोणी बोलतच नाही. भावाच्या बॅचमधल्या एका बाईंचं तो सांगत होता, बोटं लहान, दोन ओळीत राउंड बसणाऱ्या मॅगझिनमुळे मूठ जाड, चापापर्यंत बोट पोचवायला मूठ जराशी फिरवून धरायला लागायची, मग गोळी सारखी एकाच बाजूला. ट्रेनिंगवाले म्हणायचे, "बाईंचा नेम नाही." नेम होता हो, मूठ मोठी होती. ग्लॉकने २०१० पासून मुठीची मागची पट्टी बदलता येईल असं केलं, बाकी कंपन्यांनी पण केलं, दहा मिनिटांचं काम आहे. चप्पल विकत घेताना आपण तीन जोड घालून बघतो.

हे सगळं मी लिहून भावाला वाचायला पाठवलं. त्याने दोन चुका काढल्या, एक मी मॅगझिनला "गोळ्यांची पेटी" लिहिलं होतं त्याची, आणि एक पावसाची. म्हणाला, "गंजाचं लिहिलंस ते बरं, पण रेनकोटचं विसरलास." विसर्जनाच्या बंदोबस्ताला धो धो पाऊस, अंगावर गुडघ्यापर्यंत रेनकोट, आणि पिस्तूल त्याच्या आत. काढायचं झालं तर आधी रेनकोट वर घ्यायचा, मग होल्स्टरचा खटका, मग पिस्तूल. मग तू काय करतोस विचारलं, तर म्हणाला, उजव्या बाजूची खालची दोन बटणं लावत नाही, पॅंट भिजते.